भिंतीपासून तीन फूट : प्रस्तावना

दिवाळीच्या तोंडावर आम्ही घराला रंग काढायला घेतला होता. रंगाऱ्यांनी हॉलमधले सगळे सामान भिंतींपासून ओढून मधोमध आणले, त्यावर जुन्या चादरी टाकल्या आणि दोन दिवस भिंती घासल्या. माझे दोन्ही स्पीकर चार वर्षे शोकेसच्या दोन बाजूंना, भिंतीला पाठ टेकवून उभे होते. तेही पहिल्यांदाच पुढे आले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रंगारी गेल्यावर मी चादरी काढल्या, तारा जोडल्या आणि त्यांच्याच स्टुलावर बसून मल्लिकार्जुन मन्सूर यांची एक मैफल लावली. ती सीडी मला तोंडपाठ होती. पण त्या संध्याकाळी आवाज स्पीकरमधून येतच नव्हता. दोन स्पीकरांच्या मधल्या मोकळ्या जागेत, थोडा मागे, बैठक मारून बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर तो होता. त्या आवाजाला छाती होती. तानेआधी घेतलेला श्वास ऐकू येत होता. तंबोरे मागे पसरले होते, आणि डग्ग्याचा घुमारा खोलीभर न सांडता तबलजीच्या हाताशी राहत होता.

रंगकाम संपले, सामान जागच्या जागी गेले, स्पीकर पुन्हा भिंतीला टेकले आणि गाणे पुन्हा चपटे झाले. मी टेप काढला, फरशीवर राहिलेल्या खुणा शोधल्या. त्या संध्याकाळी स्पीकरचे तोंड मागच्या भिंतीपासून तीन फुटांवर होते.

त्याआधीच्या चार वर्षांत मी ॲम्प्लिफायर बदलला होता आणि तारा दोनदा बदलल्या होत्या. गायकाचा आवाज पातळ वाटतो, तबला मात्र गुरगुरतो, ही माझी तक्रार घेऊन मी ज्या दुकानात जात असे तिथे दर वेळी नवी वस्तू दाखवली जाई. खोली केवढी आहे, स्पीकर कुठे उभे आहेत, आपण कुठे बसता, हे तीन प्रश्न मला कोणी विचारले नाहीत. मीही सांगितले नाही, कारण त्यांचा संबंध असेल असे मला वाटले नव्हते. तीन फुटांना एक पैसा लागला नाही. ज्या कोणाला आपल्या कमाईतून चांगले स्पीकर घ्यायचे आहेत, किंवा घेऊन झाले आहेत आणि मन निवलेले नाही, त्याची ही चार वर्षे वाचावीत म्हणून मी हे पुस्तक लिहिले. खोली हा संचाचाच भाग आहे आणि स्पीकरची जागा ठरवणे हे काम खरेदीच्या आधीचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

भिंत नेमके काय करते ते एका स्वराच्या आधाराने सांगतो. काळी एक हा पुरुष गायकांचा नेहमीचा सूर. त्यातला मध्य सप्तकाचा षड्ज म्हणजे सेकंदाला सुमारे १३९ कंपने, म्हणजे १३९ हर्ट्झ. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४४ मीटर जातो, तेव्हा या षड्जाची एक लाट जवळजवळ अडीच मीटर लांबीची होते. एवढी लांब लाट स्पीकरच्या खोक्याला जुमानत नाही. ती पुढे जाते तशी खोक्याला वळसा घालून मागेही जाते, भिंतीवर आपटते आणि परत येते. आता स्पीकरचे तोंड भिंतीपासून बरोबर दोन फुटांवर आहे असे धरा. मागे जाऊन आलेली लाट चार फुटांचा जादा प्रवास करून येते, आणि चार फूट म्हणजे त्या षड्जाच्या लाटेची जवळपास अर्धी लांबी. परिणाम असा की सरळ आलेली लाट जेव्हा हवा पुढे ढकलते तेव्हा परतलेली लाट तीच हवा मागे ओढते. दोघी एकमेकींना खातात. गायक ज्या स्वरावर उभा आहे नेमका तोच तुमच्या खोलीत अशक्त होतो. पूर्ण नाहीसा होत नाही, कारण बाजूच्या भिंती आणि छत थोडी भर घालतात, शिवाय षड्जाचे वरचे स्वरांश शाबूत असतात, म्हणून कानाला स्वर कळतो. पण त्याचे अंग जाते.

अंतर कमी केले की हा खड्डा वर सरकतो. सोळा इंचांवर तो २१० हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या षड्जाजवळ. तीन फुटांवर नेलात तर तो ९४ पर्यंत खाली उतरतो, काळी एकच्या मंद्र पंचमाच्याही खाली. त्या संध्याकाळी मन्सूरांच्या आवाजाला छाती कुठून आली याचे उत्तर मला या हिशेबात मिळाले. रॉय ॲलिसन या अमेरिकन अभियंत्याने १९७४ साली भिंतींचा स्पीकरवर होणारा परिणाम सविस्तर मोजून मांडला. वूफरपासून जमीन, मागची भिंत आणि बाजूची भिंत ही तिन्ही अंतरे सारखी असली तर तीन खड्डे एकाच जागी पडून एक मोठा खड्डा होतो, हे त्याच्या कामातून स्पष्ट झाले. म्हणून माझा पहिला नियम असा की ही तीन अंतरे एकमेकांसारखी ठेवू नका आणि एकमेकांची पटही होऊ देऊ नका.

एवढ्यावर भागत नाही, कारण खोलीला स्वतःचेही सूर असतात. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाची अर्धी लाट बरोबर मावली की खोली त्या सुराला साथ देऊ लागते. आमचा हॉल १६ फूट लांब, ११ फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच आहे. त्याचे सूर आहेत ३५, ५१ आणि ५९ हर्ट्झ, आणि लांबीचाच दुसरा सूर ७० हर्ट्झ. डग्ग्यावरची मींड या भागातून खाली-वर जाते तेव्हा एखादा सूर एकदम फुगतो आणि पुढचा गिळला जातो. तबलजीने समान दाबाने वाजवलेले असते. फुगवते ती खोली. हे सूर भिंतीपाशी सर्वांत जोरात असतात. आता आपल्या घरांत सोफा कुठे असतो ते आठवा. भिंतीला टेकून. म्हणजे स्पीकर एका भिंतीला, ऐकणारा दुसऱ्या भिंतीला, आणि मधली सगळी खोली रिकामी. बास घुमतो म्हणून आलेल्या जितक्या तक्रारी मी घरी जाऊन पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी हीच मांडणी होती. खोलीच्या अगदी मधोमध बसणेही बरे नाही, कारण तिथे लांबीचा पहिला सूर लुप्त होतो आणि दुसरा फुगतो. लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर बसून सुरुवात करावी असा जाणकारांचा ठोकताळा आहे. आमच्या हॉलमध्ये तो ऐकणाऱ्याच्या मागच्या भिंतीपासून सहा फूट येतो, आणि माझी खुर्ची आज तिथेच आहे.

या खालच्या सुरांवर गालिचा किंवा पडदा चालत नाही. ५० हर्ट्झच्या लाटेचा चौथा हिस्सा पावणेदोन मीटर भरतो. बोटभर जाडीचा फोम तिला अडवू शकत नाही. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावलेल्या खोल्या मी पाहिल्या आहेत. तिथे वरचा आवाज थोडा विस्कटतो आणि खालचा होता तसा घुमत राहतो. संगणकाने दुरुस्ती करणारी यंत्रेही आता मिळतात. फुगलेला सूर ती कापू शकतात, पण जिथे दोन लाटा एकमेकींना खातात तिथे कितीही शक्ती ओतली तरी परतणारी लाटही तेवढीच मोठी होते. तिथे स्पीकर किंवा खुर्ची हलवणे हाच उपाय.

खोलीचा आवाज मोजण्याची रीत ज्याने घालून दिली त्या वॉलेस सॅबिन यांच्याबद्दल इथे लिहिलेच पाहिजे. १८९५ साली हार्वर्डमधल्या फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कळेनासे झाले, कारण उच्चारलेला शब्द पाच सेकंदांहून जास्त काळ घुमत राही. सॅबिन तेव्हा सत्तावीस वर्षांचे, पदार्थविज्ञानाचे तरुण अध्यापक. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या ते रात्री उचलून आणत, काही ओळी मांडत, ऑर्गनची नळी वाजवून थांबवत, आवाज पूर्ण विरेपर्यंतचा वेळ घड्याळाने मोजत, आणखी गाद्या मांडत, आणि सकाळ होण्याआधी सगळ्या परत नेऊन ठेवत. रात्र निवडली कारण दिवसा शहराचा गोंगाट असे. या मोजणीतून त्यांनी खोलीचे आकारमान आणि त्यातल्या मऊ वस्तू यांचे गणित बसवले, आणि त्याच्या आधारावर १९०० साली बॉस्टन सिम्फनी हॉल उभा राहिला.

मला हे वाचताना आपली जुनी बैठक आठवली. वाड्याच्या दिवाणखान्यात जाजम अंथरलेले, त्यावर गाद्या, लोड, तक्के, भिंतीशी कोनाडे, वर लाकडी तुळया आणि समोर दाटीवाटीने बसलेले रसिक. सॅबिनने रात्रभर वाहून आणलेल्या गाद्या तिथे आधीच मांडलेल्या असत, आणि माणसेही आवाज शोषतात हे त्याच्याच मोजणीत निघाले आहे. आजच्या फ्लॅटमध्ये यातले काही उरले नाही. चकचकीत टाइल्स, काँक्रीटच्या गुळगुळीत भिंती, एका बाजूला सरकती काच, आणि दोन स्पीकरांच्या बरोबर मधे टीव्हीचा काळा पडदा. म्हणून या पुस्तकात परदेशी पुस्तकांमधली आखणी मी जशीच्या तशी घेतलेली नाही. ती बहुधा लाकडी चौकटीच्या भिंती आणि गालिचे असलेल्या घरांसाठी आहे. लाकडी पोकळ भिंत थोडा बास स्वतःतून बाहेर जाऊ देते, आपली वीट आणि काँक्रीट तो परत करते. एक प्रयोग मात्र आजच करून पाहा. गाणे लावा, आणि मग टीव्हीवर एक जाड गोधडी टाका. गायक जरा मागे सरकतो आणि त्याची बाह्यरेषा स्पष्ट होते. माझ्याकडे ऐकायला येणाऱ्यांना मी आधी ही गोधडी दाखवतो, ॲम्प्लिफायर नंतर.

पण दोन खोक्यांच्या मधे, जिथे काहीच नाही तिथे, माणूस उभा राहतो कसा? याचे श्रेय ॲलन ब्लूमलाइन या इंग्रज अभियंत्याचे. ईएमआयमध्ये काम करत असताना १९३१ च्या डिसेंबरात त्याने जो पेटंट अर्ज केला त्यात आजचा स्टिरिओ जवळपास पूर्ण आहे. दोन मायक्रोफोन एकाच जागी काटकोनात कसे ठेवावेत तेही, आणि एकाच खोबणीत दोन आवाज कसे कोरावेत तेही. १९४२ साली रडारच्या चाचणीत झालेल्या विमान अपघातात तो गेला, तेव्हा अडतीस वर्षांचा होता. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्याला अजून दीड दशक जायचे होते. ब्लूमलाइनची मांडणी कानांच्या एका सवयीवर उभी आहे. एका बाजूने आलेला आवाज दूरच्या कानात किंचित उशिरा पोहोचतो, आणि त्या उशिरावरून आपण दिशा ओळखतो. हा उशीर जास्तीत जास्त ६५० मायक्रोसेकंदांच्या आसपास, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा एक इंच जवळ असला तर त्याचा आवाज ७४ मायक्रोसेकंद आधी येतो. एक इंच का महत्त्वाचा, हे या दोन आकड्यांवरून ध्यानात यावे. म्हणून माझ्या पिशवीत टेप, मास्किंग टेप आणि गवंड्याचा ओळंबा असतो. खुर्चीवर डोके जिथे येते त्या जागी छतावरून ओळंबा सोडायचा आणि त्या बिंदूपासून दोन्ही ट्वीटरपर्यंत अंतर मोजायचे. पाव इंचाच्या आत आणायचे. मग दोन्ही खोकी आत वळवायची, तीही सारखीच.

तपासायला मी दोन प्रकारची ध्वनिमुद्रणे वापरतो. पहिली मोनो. जुन्या ७८ गतीच्या तबकड्यांवरून उतरवलेले अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाणे दोन्ही स्पीकरांतून अगदी सारखे येते, त्यामुळे ते दोघांच्या मधोमध एका अरुंद खांबासारखे उभे राहायला हवे. खांब जाड झाला, डावीकडे झुकला किंवा स्वर चढताना जागा बदलू लागला तर मांडणीत चूक आहे. दुसरे म्हणजे विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांचे ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’. १९९२ साली कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथल्या एका चर्चमध्ये कविचंद्रन अलेक्झांडर यांनी ते ध्वनिमुद्रित केले, आणि मायक्रोफोनची मांडणी ब्लूमलाइनचीच होती. मांडणी साधली की मोहनवीणा आणि गिटार दोन वेगळ्या जागी बसतात आणि त्यांच्यामागे चर्चची हवा ऐकू येते. माझ्याकडे एक गृहस्थ हे ऐकून बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी विचारले, “हे माझ्या घरी का होत नाही?” त्यांचे स्पीकर माझ्यापेक्षा महाग होते. आम्ही त्यांच्या घरी गेलो, दोन तास खोकी सरकवली, आणि झाले.

सगळ्या स्पीकरांना भिंत नकोशी असते असे मात्र नाही, आणि इथे पुष्कळ लोक फसतात. अमेरिकेतल्या आर्कान्सॉ राज्यात होप गावी पॉल क्लिप्श यांनी १९४६ पासून जो स्पीकर विकला तो कोपऱ्यासाठीच बांधलेला आहे. खोलीच्या दोन भिंती हाच त्याच्या कर्ण्याचा शेवटचा भाग होतो, कोपऱ्याबाहेर आणला तर त्याचा बास जातो. उलट पीटर वॉकर यांचा १९५७ चा क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक पुढे जेवढा आवाज टाकतो तेवढाच मागेही टाकतो, त्याला मागे भरपूर मोकळी जागा लागते. बीबीसीचा इवलासा एलएस३/५ए बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत मावावा म्हणून घडला, तो स्टँडवर मोकळा ठेवला की खुलतो. आपला स्पीकर कोणत्या जातीचा हे आधी माहितीपत्रकात पाहावे. बनवणाऱ्याने तो कुठे उभा राहील असे मनात धरले होते ते तिथे लिहिलेले असते.

जागेचा परिणाम एवढा मोठा का मानावा, अशी शंका कोणी घेतली तर मी फ्लॉइड टूल यांच्या कामाकडे बोट दाखवतो. आधी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर हार्मन कंपनीत त्यांनी आयुष्यभर स्पीकरांच्या परीक्षा घेतल्या, ऐकणाऱ्यांसमोर पडदा लावून. हार्मनच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत त्यासाठी सरकते मंच बांधले, जे काही सेकंदांत एक स्पीकर काढून दुसरा नेमका त्याच जागी आणतात. असा खटाटोप का? कारण जागा बदलली तर ऐकणारा स्पीकरविषयी नव्हे, जागेविषयी मत देतो. बाजूच्या भिंतींवरून येणारा आवाज मात्र सरसकट शोषून टाकू नये, असे टूल म्हणतात. चांगल्या स्पीकरचा तो आवाज संगीताला रुंदी देतो. स्टुडिओ बांधणारे कित्येक जण याच्या उलट सांगतात. माझ्या हॉलमध्ये तो परतीचा आवाज सरळ आवाजानंतर अडीच मिलिसेकंदांच्या आत येतो आणि मला गायकाची रेषा बोथट झालेली जाणवते, म्हणून मी त्या जागी एका बाजूला पुस्तकांचे कपाट आणि दुसऱ्या बाजूला जाड पडदा ठेवला आहे. मोठ्या खोलीत मी तसे केले नसते.

सूत्रे पुष्कळ आहेत. जॉर्ज कार्डास यांचे सूत्र सुवर्णगुणोत्तरावरून निघते: बाजूच्या भिंतीपासून खोलीच्या रुंदीच्या ०.२७६ पट आणि मागच्या भिंतीपासून ०.४४७ पट. आमच्या अकरा फुटी हॉलमध्ये मागचे अंतर जवळजवळ पाच फूट येते, म्हणजे स्वयंपाकघराकडे जायची वाट बंद. डेव्हिड विल्सन यांची रीत मला जास्त भावते. भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, सारख्या आवाजात बोलत हळूहळू पुढे यायचे, आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाने ऐकायचे. एका जागी बोलण्यातला भिंतीचा घुमारा गळून पडतो आणि आवाज मोकळा होतो. तिथे खूण करायची. हे काम दोघांचे आहे. आमच्या घरी पत्नी खुर्चीवर बसली आणि मी पाढे म्हणत पुढे आलो. तिने “इथे” म्हटले ते अंतर मागच्या भिंतीपासून दोन फूट अकरा इंच भरले.

घरातल्या माणसांबद्दल एक पूर्ण प्रकरण आहे, आणि ते मी सर्वांत काळजीने लिहिले आहे. हॉल सगळ्यांचा असतो. तिथे मुले खेळतात, पाहुणे येतात, गौरी-गणपती बसतात. चाळीस-पन्नास किलोचे दोन खांब वाटेत उभे करण्याचा हक्क कोणालाही नाही. मी स्पीकरखाली जाड फेल्ट लावले आहे. फरशीवर मास्किंग टेपच्या दोन खुणा आहेत, एक रोजच्या जागेची आणि एक ऐकण्याच्या जागेची. रात्री साडेनऊनंतर, पंखा बंद करून, मी ते पुढे सरकवतो आणि झोपण्यापूर्वी मागे नेतो. ज्यांच्या खोकीखाली टोकदार खिळे आहेत त्यांनी फरशी वाचवायला खिळ्याखाली एक रुपयाचे नाणे ठेवावे. एल आकाराच्या हॉलचा, एका बाजूला भिंतच नसलेल्या खोल्यांचा आणि दहा बाय दहाच्या चौरस खोलीचा विचार स्वतंत्रपणे केला आहे. चौरस खोली सर्वांत अवघड, कारण तिथे लांबी-रुंदीचे सूर एकावर एक चढतात.

हे पुस्तक वाचण्याआधी माझी एक विनंती आहे. नवीन काही खरेदी करायचे ठरले असेल तर महिनाभर थांबा. टेप घ्या, ज्या खोलीत ऐकता तिची लांबी, रुंदी आणि उंची फूट-इंचांत मोजा आणि शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा. स्पीकरच्या तोंडापासून मागच्या भिंतीपर्यंतचे अंतरही त्याखाली लिहा. दुसऱ्या प्रकरणापासून प्रत्येक हिशेबाला हे चार आकडे लागणार आहेत.